येथे पोहण्यास सक्त मनाई आहे

कोल्हापुरात काहीही उभं करायचं ठरलं की आधी कुठंतरी खड्डा पडतो. रीत जुनी आहे. अंबाबाईच्या देवळाला लागलेला काळा दगड ज्या खाणीतून निघाला, त्या खाणीचाच पुढं रंकाळा झाला, असं आमच्याकडं पिढ्यानपिढ्या सांगतात. आठव्या-नवव्या शतकात कधीतरी भूकंप झाला, खाणीच्या तळाला भेगा पडल्या, खालचं पाणी वर आलं आणि रंकभैरवाचं देऊळ त्यात गेलं, म्हणून तो रंकाळा. भूगर्भशास्त्रवाले यावर काय म्हणायचं ते म्हणोत. कोल्हापूरकराला एवढं पुरतं की देऊळ झालं आणि वर तलाव फुकट मिळाला. पुढं त्याच तलावाच्या काठाला १९३१ ते १९३४ या काळात शालिनी पॅलेस बांधला. त्यालाही काळाच दगड वापरला. म्हणजे त्याही वेळी कुठंतरी एक खड्डा पडला असणार. हिशेब चुकत नाही.

रंकाळ्याच्या काठी एक नंदी आहे. तो म्हणे रोज गहूभर पुढं सरकतो आणि तांदूळभर मागं येतो, आणि ज्या दिवशी तो पाण्याला टेकेल त्या दिवशी जगबुडी. लहानपणी या गोष्टीनं झोप उडायची. मोठेपणी मी बसून हिशेब घातला. सगळं तांदूळ कुठला धरायचा यावर आहे. आजऱ्याचा घनसाळ धरला तर दाणा आखूड, म्हणजे नंदी रोज थोडा तरी पुढं जाणार आणि जगबुडी आज ना उद्या ठरलेली. पण बासमती धरला तर दाणा गव्हाहून लांब. म्हणजे नंदी रंकाळ्यापासून दरवर्षी थोडा थोडा लांब चालला आहे आणि जग सुरक्षित आहे. तेव्हा घरात यापुढं बासमतीच आणू, असं मी बायकोला सुचवलं. तिनं वाणसामानाची यादी माझ्या हातातून काढून घेतली.

तर सांगायचं म्हणजे, ज्या गावाचं भूषणच मुळात एक खाण आहे, त्या गावाला खाणीत पोहण्याचं अप्रूप काय असणार? दगड काढून झालेल्या, पाण्यानं भरलेल्या खाणीला आमच्याकडं खण म्हणतात. रंकाळ्याला लागूनच इराणी खण आहे. पंचगंगा घाण होऊ नये म्हणून आता गावातले बरेचसे गणपती तिथं पोचवले जातात. काही खणी कचऱ्यानं भरल्या, काहींवर घरं झाली. आणि एखादी अजून आहे, जिच्यात माणसं पोहतात.

मी जिथं जातो त्या खणीचं नाव देणार नाही. एकदा नाव छापून आलं की पहिल्या रविवारी मोबाईल घेऊन पोरं येतात, दुसऱ्या रविवारी भेळेची गाडी येते आणि तिसऱ्या रविवारी सुशोभीकरणाचा नारळ. शहराबाहेर, उसाच्या दोन फडांमधून जाणाऱ्या पाणंदीच्या टोकाला, एवढ्यावर समाधान माना.

तिथं एके काळी खडीचा क्रशर होता. आधी घण आणि पहार, मग सुरुंग, मग कंप्रेसर, शेवटी पोकलेन. निघालेला दगड ब्रासच्या मापानं गेला. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि प्रत्येक ब्रासमागं सरकारला रॉयल्टी. मालकाच्या वहीत लिहिलेला दगड आणि डोळ्यांना दिसणारा खड्डा यांचा मेळ घालायला गेलं, तर अर्धी खण आपोआप पडली असं धरावं लागतं. खोदता खोदता तळाला पाझर लागला. आपला दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. हा दगड स्वतः पाणी धरत नाही, पण त्याच्या भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून ते झिरपत राहतं. धंदा चालू होता तोवर रात्रंदिवस मोटर लावून उपसा चालला. धंदा बसला, वीजबिल थकलं, मोटर गेली, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांनी खण भरली. शेजारच्या शेतकऱ्यानं पाणाड्या आणून, तळहातावर नारळ उभा करून विहीर खोदली, ती कोरडी गेली. आणि इकडं पाणी नको म्हणून वर्षानुवर्षं मोटर चालवणाऱ्याच्या गळ्यात हे एवढं पाणी पडलं. त्या शेतकऱ्यासमोर हा विषय काढायचा नसतो.

खणीची खोली किती, हा प्रश्न मात्र नव्या माणसानं जरूर विचारावा. सकाळ चांगली जाते. आमचे अण्णा म्हणतात सात परस. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेल्या पुरुषाएवढी उंची. विहिरीचं पाणी आम्ही अजून याच मापानं मोजतो. पैलवान म्हणतात नऊ. पैलवानांचा परस अण्णांच्या परसापेक्षा चांगला हातभर मोठा, तरी आकडा वाढतोच, हे विशेष. वकीलसाहेब आकडा देत नाहीत, "तळ कुणी पाहिलाय?" एवढंच म्हणतात. तळाशी एक डंपर आहे यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. हा डंपर मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ट्रॅक्टर होता.

खणीच्या तोंडाशी एक लोखंडी बोर्ड आहे. "येथे पोहण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून." कुणाच्या आदेशावरून ते गंजानं खाल्लं. हा बोर्ड फार उपयोगाचा आहे. आसपास झाड असं एकच, तेही बाभळीचं, त्यामुळं कपडे अडकवायला दुसरी सोय नाही. कुणीतरी बोर्डाच्या वर फळी ठोकून तिला खिळे मारले आहेत. सकाळी सहाला 'येथे' दिसतं, सव्वासहाला 'मनाई' झाकली जाते, आणि साडेसहाला चड्ड्या, बनियन, टॉवेल आणि एक वकिली काळा कोट यांच्याआड आख्खी कायदा-सुव्यवस्था दिसेनाशी होते. खिळ्यांची मालकी ठरलेली आहे. त्याची कुठं नोंद नाही, पण सात-बाऱ्यापेक्षा पक्की आहे.

अशा या ठिकाणी मी आमच्या मेहुण्यांना घेऊन गेलो.

आमचे मेहुणे चाकणकडं एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहेत. घरी आले की चहाच्या आधी गॅसची नळी बघतात, तिच्यावरची तारीख वाचतात, आणि मगच बहिणीची खुशाली विचारतात. आमच्या जिन्याच्या पायऱ्यांना पिवळे पट्टे आहेत ते त्यांच्यामुळं. पोहण्यात पटाईत; कारखान्याच्या वसाहतीत निळ्या फरशीचा तलाव आहे, तिथं रोज जातात. "दाजी, तुमच्याकडं स्विमिंगचं काय?" असं त्यांनी आदल्या रात्री विचारलं. मी म्हटलं, "आहे की. फुकट आहे."

पहाटे ते टोपी, गॉगल, नाकाचा चिमटा आणि कानाचे बोळे अशा तयारीनं निघाले. पाणंद संपली, बोर्ड आला. त्यांनी तो पूर्ण वाचला. त्या बोर्डाला इतक्या मनापासून वाचणारा माणूस त्याच्या जन्मात आला नसेल.

"दाजी, ॲक्सेस कंट्रोल काय आहे इथं?"

"ऊस."

"कुंपण?"

"होतं. तारेचं होतं. कुणीतरी शेताला नेलं."

"लाइफगार्ड?"

मी अण्णांकडं बोट केलं. अण्णा खणीच्या मधोमध उताणे पडून डोळे मिटून होते. पोट तेवढं पाण्याबाहेर.

"ते ड्यूटीवर आहेत?"

"रिटायर झाल्यापासून."

मेहुण्यांनी खिशातून छोटी वही काढली. पोहायच्या चड्डीला खिसा आणि खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत वही असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

वहीत त्यांनी काय काय लिहिलं ते मला नंतर कळलं, पण तोवर त्यांना खणीचं वेळापत्रक तरी समजावून सांगणं भाग होतं. उजाडताना येतात ती निवृत्त मंडळी. ती पोहत नाहीत, पाण्यावर पडतात. पडून गोलात बोलतात. उसाची एफआरपी, दूध संघाची निवडणूक, कुणाच्या सुनेनं कुणाला काय सुनावलं. उताणं पडल्यावर कान पाण्याखाली जातात, त्यामुळं समोरचा काय म्हणतोय ते ऐकू येत नाही. कोल्हापुरात राजकारणाची चर्चा इतक्या शांततेत फक्त इथंच होते. मग तालमीतली पोरं येतात. त्यांच्यामागून नोकरदार, ज्यांना सारखं घड्याळाकडं बघावं लागतं. दहानंतर शाळा बुडवलेले, दुपारी म्हशी. म्हशींचा पोहण्याचा दर्जा सगळ्यांत वरचा आहे आणि त्या खोलीबद्दल वाद घालत नाहीत.

या सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे अण्णांची शाळा. आमच्या लहानपणी पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा ओंडका बांधत. मग पत्र्याचा डबा आला, मग ट्रॅक्टरची ट्यूब. आता गोड्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. अण्णा तो दोरीनं पोराच्या पाठीला बांधतात, टोपण घट्ट लावतात, आणि पोराला उचलून पाण्यात टाकतात. पोर पहिल्या दिवशी बोंबलतं. चौथ्या दिवशी बोंब बंद होऊन हातपाय चालू होतात. आणि त्यानंतर अण्णा कुणाला न सांगता रोज त्या कॅनमध्ये थोडं थोडं पाणी भरायला लागतात. आज पेलाभर, उद्या दोन पेले. पोराला पत्ता नसतो. त्याचा सगळा भरवसा कॅनवर. एक दिवस कॅन गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेला असतो, म्हणजे त्याचा तरंगायला काडीचा उपयोग नसतो, आणि पाण्यातच असल्यामुळं ओझंही जाणवत नाही. पोर ऐटीत खण ओलांडून परत येतं. काठावर आल्यावर अण्णा त्याच्या पाठीवरचा कॅन सोडतात, टोपण काढतात आणि सगळ्यांसमोर तो उपडा करतात. भळाभळा पाणी पडतं. पोराचा चेहरा त्या वेळी बघावा. आधी फसवलं गेल्याचा राग, मग भीती, आणि मग हळूहळू आपण काय करून बसलो ते कळतं. अण्णा फक्त म्हणतात, "उद्यापासनं कॅन घरी. आईला दे, तेल आणायला."

मेहुण्यांनी हे पाहिलं आणि वहीचं पान उलटलं. "दाजी, हे कुणी डिझाइन केलं?"

मी म्हटलं, "अण्णा एसटीत कंडक्टर होते."

उडी मारण्याच्याही जागा ठरलेल्या. दगड काढताना खाण टप्प्याटप्प्यानं खाली नेतात, ते टप्पे भिंतीला तसेच राहिले आहेत. सगळ्यांत खालचा टप्पा 'बालवाडी'. त्याच्यावरचा 'हायस्कूल'. आणि सगळ्यांत वर, जिथं पूर्वी क्रशरचा पट्टा यायचा, त्या टप्प्याचं नाव 'बायकोला विचारून ये'. तिथून आजवर फक्त बिनलग्नाचे उडी मारतात. प्रकारही सगळे आहेत. सूर म्हणजे हात पुढं, डोकं खाली. मुटका म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन धप्पकन. मुटक्याचं कौशल्य पाणी किती उडालं यावर मोजतात, आणि ते काठावर कोरडे कपडे घालून निघालेल्या नोकरदारावर उडालं तर जास्त गुण. तिसरा प्रकार कुणी ठरवून मारत नाही. सूर मारायला जातो आणि पोट आपटतं. त्याचा आवाज उसात काम करणाऱ्या बायकांपर्यंत जातो आणि पलीकडून हसणं ऐकू येतं.

बायका. हे लिहायचं टाळता येत नाही. खण सगळ्यांची, असं आम्ही छाती ठोकून सांगतो, पण बोर्डावरच्या खिळ्यांना कधी बायकांचा कपडा लागलेला नाही. त्या येतात त्या दुपारी, गोधड्या धुवायला, आणि काठावरूनच जातात. विहिरीत पोहायला शिकलेल्या कितीतरी जणी गावाकडं आहेत. माझी आई त्यातली एक. ती इथं आली तर अण्णांना शिकवील. पण 'हायस्कूल'वर पैलवान उभे असताना ती कशाला येईल? हल्ली एक बाप आपल्या मुलीला पहाटे, सगळ्यांच्या आधी घेऊन येतो. तिचा कॅन आता निम्म्याच्या वर भरलेला आहे. ते मला आणि अण्णांना माहीत आहे.

शेवटी मेहुणे पाण्यात उतरायला तयार झाले. अण्णा काठाला आले. "पाव्हणं, हितनं नगा. तकडं खाली कातळ हाय, पाण्यात दिसत न्हाई. हिकडनं या. आन् आदी डोक्यावर, छातीवर पाणी मारून घ्या." मेहुण्यांना ही काहीतरी धार्मिक पद्धत वाटली. तिच्यात धर्म आहे तसं विज्ञानही आहे. खणीचं वरचं हातभर पाणी उन्हानं तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. भिंती सरळसोट, वारा खाली पोचत नाही, त्यामुळं वरचं पाणी खालच्यात मिसळत नाही. वर कोमट आणि कमरेखाली एकदम गारेगार. अचानक गार पाणी अंगाला लागलं की माणूस न ठरवता मोठा श्वास ओढतो, आणि नेमकं त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर श्वासाऐवजी पाणी आत जातं. आधी अंगावर पाणी मारून घेतलं की हा दचका कमी होतो. आमचे म्हातारे 'हर हर गंगे' म्हणत हेच करत आले.

मेहुणे उतरले. तीन हात मारले. मग पाय खाली सोडले, आणि पुढचा आवाज त्यांनी कारखान्यात कधी काढला नसेल. "दाजी! खाली फ्रीज आहे!"

"डंपर," पैलवान म्हणाले. "डंपर हाय खाली."

पोहून झाल्यावर बाभळीखाली अंग पुसत मेहुण्यांनी आपलं म्हणणं मांडलं. मोबाईलवर त्यांनी इंग्लंडची गोष्ट दाखवली. डर्बीशायरमध्ये बक्स्टनजवळ हार्पर हिलला चुनखडीची एक जुनी खाण आहे. पाणी भरलं आणि ते निळंशार दिसायला लागलं. लोक 'ब्लू लगून' म्हणत लांबलांबून पोहायला आले. ते निळेपण चुन्याचं होतं. पाण्याचा पीएच ११.३, म्हणजे जवळजवळ अमोनियाच्या पंगतीला. नगर परिषदेनं बोर्ड लावला की या पाण्यात मोडक्या गाड्या, मेलेली जनावरं, विष्ठा आणि कचरा आहे. लोक बोर्डाजवळ फोटो काढून पोहायला गेले. शेवटी २०१३ साली परिषदेनं सगळं पाणी काळं केलं, रंग टाकून. निळं दिसलं नाही की कोण येतंय? पुढं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोलिसांना पुन्हा रंग टाकावा लागला, म्हणजे लोक आलेच होते.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "रंग टाकला?"

"हो. काळा."

"रंगानं माणूस थांबला असता, तर कोल्हापुरात रंगपंचमीला कुणी अंगोळ केली नसती. आमी रंग लागला की पवायला येतो. ह्यांचं उलटंच."

मेहुणे म्हणाले, अमेरिकेत फ्लोरिडातल्या कोरल गेबल्स गावात दुसरा रस्ता निघाला. घरांसाठी प्रवाळाचा दगड काढून झालेल्या खाणीचाच १९२४ साली सार्वजनिक तलाव केला. कमानी, छोटे धबधबे, झऱ्याचं पाणी. आजही तिकीट काढून लोक तिथं पोहतात. हे ऐकल्यावर मात्र बाभळीखाली सगळे गप्प झाले. तिकीट हा शब्द त्यांना पीएच ११.३ पेक्षा जास्त झोंबला.

भीती खोटी नाही. आमच्याकडं पाण्याचं भलं करायचं ठरलं की आधी त्याच्याभोवती फरशी बसते. मग नाचतं कारंजं, मग हंसाच्या तोंडाची पायडल होडी, मग गावाच्या नावापुढं लाल बदाम असलेला सेल्फी पॉइंट. पोहणं तेवढं बंद होतं, कारण पोहणारे उघडे असतात आणि ते सेल्फीत येतात. नाहीतर दुसरा मार्ग. शहरातला राडारोडा ट्रॉल्यांनी आणून टाकायचा, खण बुजवायची, तिच्यावर इमारत बांधायची आणि तिला 'लेक व्ह्यू' नाव द्यायचं. लेक इमारतीच्या खाली असतो. पालिकेच्या तलावाची फी, दोन फोटो, डॉक्टरचा दाखला, टोपी, पाऊण तासाची बॅच आणि डोळ्यांत क्लोरीन, हे सगळं मला मान्य आहे. ते शहाणपणाचंच आहे. पण तिथं पाण्यावर उताणं पडून एफआरपीवर बोलता येत नाही. शिट्टी वाजते.

आणि मेहुण्यांचं म्हणणंही खोटं नाही. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, आणि तिच्यात एक वाक्य ठरलेलं असतं, 'पाण्याचा अंदाज न आल्याने'. खणीच्या पाण्याचा अंदाज येतच नाही. नदीला उतार असतो, तळ्याला काठ असतो, पाणी गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला लागत जातं. खणीत कोरडा दगड आणि सात परस यांच्यामध्ये काहीही नाही. पाणी आत घेतं पण बाहेर यायला हाताला काही धरायला देत नाही. भिंतीला शेवाळ असतं. बुडणारा बहुतेक वेळा त्या गावचा नसतो. सुट्टीला आलेला, चार मित्र, एकाच्या हातात मोबाईल, पोहायला एकालाही येत नाही, आणि दुपारची वेळ, जेव्हा अण्णा घरी झोपलेले असतात. आमच्या खणीवर अण्णांनी अशा पोरांना काठावरूनच हाकललेलं मी पाहिलं आहे. त्या वेळी त्यांची भाषा एसटीतलीच असते.

मेहुण्यांनी जाण्याआधी वही उघडली आणि अण्णांना वाचून दाखवली. पहिली मागणी, काठावर कायमची एक लांब दोरी. दुसरी, भिंतीला धरायला साखळी, निदान 'बालवाडी'पाशी. तिसरी, हवा भरलेली ट्यूब एक नेहमी काठावर, तिला कुणी घरी न्यायचं नाही. चौथी, कातळ आहे तिथं लाल रंगाचा पट्टा. पाचवी, सगळ्यांच्या 'थोडक्यात वाचलो' प्रसंगांची नोंदवही. अण्णांना पाचवी सोडून सगळ्या पटल्या. नोंदवही ठेवली तर पैलवानांच्या नावानं पहिलं पान भरेल आणि खणीवर भांडणं लागतील, असं त्यांचं मत पडलं. साखळी वकीलसाहेबांनी दिली. कुठल्या जप्तीतली ते कुणी विचारलं नाही. लाल पट्टा मेहुण्यांनी स्वतः मारला. सोबत जिन्याच्या पायऱ्यांचा पिवळा रंगही उरलेला होता, तो 'बायकोला विचारून ये'च्या कडेला लागला.

मग आम्ही मिसळीला गेलो. खणीतून आलेल्या माणसाची भूक ही वेगळी जात आहे. ती कटाच्या दुसऱ्या वाटीशिवाय ऐकत नाही. मेहुण्यांनी नाकातून पाणी येत असताना तिसरी वाटी मागवली. नाकाचा चिमटा खणीत पडला होता. तो आता डंपरशेजारी असेल.

तुमच्या गावाबाहेरही अशी एखादी खण असेल. तेव्हा एवढं ऐका. पोहायला येत नसेल तर आधी शिका, पोरींनाही शिकवा, वयाची अट नाही. नव्या खणीत एकट्यानं उतरू नका, पिऊन तर नकोच नको. डोकं खाली करून सूर मारण्याआधी तिथल्या कुणा म्हाताऱ्याला विचारा, आणि म्हातारा दिसला नाही तर तसेच परत फिरा. काठावर दोरी बांधलेली दिसली तर ती गुरांना नेऊ नका. आणि आमच्याकडं आलात, तर बोर्डावर डावीकडून तिसरा खिळा रिकामा दिसला तरी तिथं शर्ट अडकवू नका. तो पैलवानांचा आहे.